जहाजावरून टपावर : एका फिरत्या झरोक्याचा इतिहास

कारखान्यांच्या पत्र्याच्या छपरावर वाऱ्याने गरगर फिरणारे घुमट आपण सर्वांनी पाहिलेले असतात. युरोपात असेच एक लहान चक्र मालवाहू व्हॅनच्या टपावर दिसते. आणि आत बिछाना, शेगडी मांडून प्रवासात राहण्यासाठी सजवलेल्या व्हॅनच्या टपावरही. त्याला वीज लागत नाही, इंधन लागत नाही. त्याचे नाव फ्लेटनर व्हेंटिलेटर. गंमत अशी, की त्याचा इतिहास रस्त्यावर नव्हे, समुद्रावर सुरू होतो.

हवेच्या प्रवाहात फिरणाऱ्या दंडगोलावर प्रवाहाला काटकोनात बल निर्माण होते, हे बर्लिनच्या हाइनरिख माग्नुस यांनी १८५२ च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. फिरकी घेतलेला चेंडू हवेतच वळतो, तो याच परिणामामुळे. जर्मन अभियंता आंटोन फ्लेटनर यांनी हे बल जहाज चालवण्यासाठी वापरले. १९२४ साली त्यांनी ‘बुकाउ’ या जहाजावर शिडांऐवजी सुमारे १५ मीटर उंचीचे दोन फिरते दंडगोल उभारले. १९२६ मध्ये ‘बाडेन-बाडेन’ हे नवे नाव घेऊन तेच जहाज अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला पोहोचले. पण तेव्हाच्या स्वस्त इंधनापुढे ही कल्पना व्यापारात टिकली नाही.

या दंडगोलांना फिरवण्यासाठी मोटर लागत असे. हे काम वाऱ्याकडूनच का करून घेऊ नये, असा विचार फिनलंडचे सिगुर्ड साव्होनियस यांनी केला. दंडगोल उभा चिरून त्याचे दोन अर्धे भाग एकमेकांपासून थोडे बाजूला सरकवले, की वरून पाहताना इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा आकार दिसतो. वारा खोलगट बाजूला जास्त अडतो, फुगीर बाजूवरून सहज निसटतो. या फरकामुळे चक्र फिरते आणि वारा कोणत्याही दिशेने आला तरी फिरते. या चक्राचे अमेरिकन पेटंट १९२९ चे आहे.

आता फ्लेटनर यांनी दोन गोष्टी जोडल्या. टपाच्या वर साव्होनियसचे चक्र आणि त्याच दांड्यावर खाली हवा बाहेर ओढणारा पंखा. गाडी धावू लागली की चक्र जोरात फिरते. उभी असताना वाऱ्याची झुळूक पुरते. समुद्रावर मागे पडलेला विचार अशा रीतीने टपावर मात्र टिकून राहिला.

पण एवढा खटाटोप कशासाठी? थोडे गणित करू. व्हॅनच्या आत १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर हवा आहे असे धरा. झोपलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दोघांचे ३० लिटर, म्हणजे तासाला ०.३ टक्के वाढ. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये राहत्या खोलीतील चांगल्या हवेसाठी ०.१ टक्के ही मर्यादा सुचवली होती. पूर्ण बंद व्हॅनमध्ये ती १२ मिनिटांत ओलांडली जाईल! ती ओलांडली की लगेच धोका, असे नव्हे. हवा शिळी झाल्याची ती खूण आहे. ती राखायची तर तासाला ५० घनमीटर, म्हणजे व्हॅनच्या पाचपट ताजी हवा आत यायला हवी.

‘आत यायला हवी’ हे शब्द महत्त्वाचे. व्हॅनचे मालक टपाला काळजीपूर्वक भोक पाडतात, कापलेल्या कडेला गंजरोधक रंग लावतात, पाणी गळू नये म्हणून फटी बुजवतात आणि चक्र फिरू लागले की काम झाले असे मानतात. पण जेवढी हवा बाहेर जायची तेवढी कुठून तरी आत यावी लागते. खाली जाळीचे भोक नसेल, तर वर चक्र फिरत असूनही आतली हवा फारशी बदलत नाही. वारा पडलेल्या रात्री तर चक्र थांबूनच जाते. अशा वेळी आत शेगडी पेटती ठेवली आणि ज्वलन अपुरे झाले, तर कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्याला जाग येत नाही. म्हणून फिरणारे चक्र हा हवा बदलत असल्याचा पुरावा नाही आणि पेटत्या शेगडीला तर ते संरक्षण मुळीच नाही.

आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांत धूर जाण्यासाठी वर भोक असे. हवा येण्याची वाट दारातून होती. तत्त्व तेच. मुलांना वर्गात एक प्रयोग करू द्या. खिडकीच्या खालच्या फटीशी आणि वरच्या झडपेशी उदबत्ती धरा, धूर कोणीकडे जातो ते पाहा. मग खालची फट कापडाने बंद करून वरचा धूर पुन्हा पाहा. आपल्या वर्गात हवा येते कुठून आणि जाते कुठून, याचे उत्तर मुले स्वतःच शोधतील.