मराठी एकपात्री प्रयोग आणि माणूसघाणा नायक

मराठीतील 'माणूसघाणा' हा शब्द निंदाव्यंजक आहे. चारचौघांत न मिसळणाऱ्या मनुष्यास चारचौघांनीच दिलेले ते नाव होय. त्या मनुष्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकविण्याची सोय मराठी रंगभूमीने क्वचितच केली. युरोपात मात्र अशा व्यक्तीस मंचावर एकटीच उभी करणारा एक प्रकार रुजला, आणि तो कॅबरेच्या आश्रयाने वाढला. हिंदी चित्रपटांमुळे या शब्दास आपल्याकडे नृत्याचा जो अर्थ चिकटला, तो येथे अभिप्रेत नाही. पॅरिस येथे 1881 मध्ये उघडलेल्या 'शा न्वार' या मद्यगृहापासून निघालेली आणि पुढे बर्लिन व व्हिएन्ना या नगरांत राजकीय उपहासाचे शस्त्र बनलेली छोट्या मंचाची परंपरा, असा तिचा अर्थ घ्यावयाचा.

या परंपरेचे सर्वांत बोचरे अपत्य म्हणजे हेल्मुट क्वाल्टिंगर व कार्ल मेर्त्स यांनी लिहिलेले 'डेअर हेर कार्ल' हे स्वगत. 1961 मध्ये ते प्रथम ऑस्ट्रियन दूरचित्रवाणीवर व लगोलग रंगमंचावर आले. किराणा दुकानाच्या तळघरातील एक मध्यमवयीन नोकर समोरच्या तरुणास आपली जीवनकथा सांगत असतो. तो आधी समाजवाद्यांबरोबर, मग त्यांच्या वैऱ्यांबरोबर, 1938 मध्ये नात्सींबरोबर आणि युद्धानंतर जेत्यांबरोबर राहिला. बोलणे गोड, पण पत्नी, शेजारी, ज्यू, मालक, कोणाविषयीच आस्था नाही. तो तरुण मंचावर दिसत नाही; प्रेक्षकच त्याच्या जागी बसतो. ऑस्ट्रियन प्रेक्षकांत संतापाची लाट उसळली, ती या रचनेमुळे.

योगायोग असा की, पु. ल. देशपांडे यांचा 'बटाट्याची चाळ' हा एकपात्री प्रयोगही 1961 मध्येच रंगभूमीवर आला. येथेही नट एकच, विषय मध्यमवर्ग, आणि हत्यार उपहासाचेच. परंतु येथे एक नट अवघी चाळ होतो. एका भाडेकरूची कुरकुर पुरी होण्यापूर्वी दुसरा तिला उत्तर देतो, आणि तिरस्कारास एका जागी ठरण्यास अवकाशच मिळत नाही. 1962 च्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील अंतू बर्वा हा मराठीतील माणूसघाण्याच्या सर्वांत जवळचा. रत्नागिरीतील या वृद्धाच्या जिभेतून गाव, पुढारी, देव, कोणीही सुटत नाही. घरात वीज का घ्यावी, दारिद्र्यच उजेडात येईल, हा त्याचा युक्तिवाद. तरीही अंतू थेट वाचकाशी बोलत नाही. मध्ये निवेदक बसलेला आहे. तो ते विष गाळून घेतो आणि शेवटी त्याखालचे एकाकीपण दाखवितो. वाचक हळवा होतो, संतापत नाही.

हा मध्यस्थ आला कोठून? त्याचे मूळ कीर्तनात शोधणे योग्य ठरेल. कीर्तनकार एकटा उभा राहतो, पण एकाचा म्हणून कधीच बोलत नाही. उत्तररंगात राजा, दासी, कपटी सावकार या सर्वांचे आवाज तोच काढतो आणि पुन्हा निरूपणाच्या आसनावर परततो. जालना जिल्ह्याच्या भूमीत तर या निरूपणाचा एक मोठा नमुना जन्मला. 1608 मध्ये जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या अखेरीस पढतमूर्खाची. विद्वान श्रोताही सुटू नये, अशी ही योजना आहे. मनुष्यजातीवरील राग तेथे भरपूर आहे. परंतु ही लक्षणे टाकून द्यावीत म्हणून सांगितलेली आहेत, आणि बोलणारा स्वतः यादीबाहेर उभा आहे. कार्लची गोष्ट नेमकी उलटी: तो स्वतःच यादी आहे.

परंपरेप्रमाणे 'सावधान' हा शब्द ऐकताच रामदास बोहल्यावरून पळाले. त्याच मराठवाड्यातून साडेतीन शतकांनंतर एक अख्खे वऱ्हाड विमानाने निघाले! प्रा. लक्ष्मण देशपांडे यांचा 'वऱ्हाड निघालंय लंडनला' हा प्रयोग 1979 च्या सुमारास रंगभूमीवर आला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते; स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. सुमारे तीन तासांत बावन्न पात्रे एकटा नट उभी करीत असे, आणि नगरी रंगभूमीने नोकर-गड्यापुरती राखलेली मराठवाडी बोली येथे सर्व प्रयोगभर मुख्य स्थानी बसली. हे त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि काळ ध्यानात घ्यावयास हवा. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात अनेक गावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. लक्ष्मण देशपांडे याच विद्यापीठात नाट्यशास्त्राचे अध्यापक होते. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. रंगमंचावरील बावन्न जणांत त्या जळणाऱ्या गावाचा रहिवासी नाही. एका प्रयोगाने सर्वच विषय घ्यावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. प्रश्न रूपाचा आहे. अनेक आवाज काढणाऱ्या प्रेमळ निवेदकाच्या हाती असलेल्या या रूपात, आग लावणाऱ्या गृहस्थास तळघरातील कार्लप्रमाणे निवांत, गोडीने, अडथळ्यावाचून बोलू देण्यास जागा नव्हती. त्याचे स्वगत मराठीत लिहिले गेले नाही.

त्याने ज्यांना दुखविले, त्यांचे बोलणे मात्र त्याच 1978 या वर्षी ग्रंथरूपाने आले. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये सांगणारा दगडू मारुती पवार आणि ऐकणारा दया पवार, दोघे एकच. निवेदक येथेही आहे, पण दगडूचे बोलणे गाळून घेण्याचे काम तो करीत नाही.