विक्रय कशाचा : वृक्षाचा की लाकडाचा?

जुन्या उमरेड तहसिलीतील भिवापूर परिसर मालगुजारी पद्धतीचा होय. या पद्धतीत गावच्या जंगलावर मालगुजाराचे स्वामित्व असे आणि उभी झाडे तोडण्याचा हक्क त्यास ठोक रकमेने ठेकेदारास विकता येई. ती रक्कम न्याय्य होती काय, हे कसे ठरवावे?

३१ मार्च १९५१ रोजी तत्कालीन मध्य प्रदेशातील मालगुजारी व जमीनदारी हक्क शासनाकडे गेले आणि तोडीचे जुने करार वादग्रस्त झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. पुढे शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य (१९५८) या खटल्यात, एका जमीनदाराने १९४८ साली २६,००० रुपयांस, बारा वर्षांहून अधिक मुदतीकरिता, पत्नीस दिलेला लाकूडतोडीचा हक्क सर्वोच्च न्यायालयापुढे आला. लेख नोंदलेला नव्हता. याचिका फेटाळली गेली. न्या. विव्हियन बोस यांनी केलेला भेद मार्मिक आहे : लवकरच तोडावयाचे झाड हे इमारती लाकूड, म्हणून जंगम, वर्षानुवर्षे भूमीतून पोषण घेणारा वृक्ष मात्र स्थावर.

हा भेद किमतीसही लागू पडतो. दीर्घ मुदतीने विकणारा पुढील वाढही आजच्याच भावाने देऊन टाकतो. मापाचेही तसेच. घेराच्या चतुर्थांशाच्या वर्गास लांबीने गुणण्याच्या रूढ रीतीने गोल ओंडक्याचे घनफळ प्रत्यक्षाहून सुमारे २१ टक्के कमी भरते. कापणीतील तूट त्यात आधीच धरलेली असते. भाव ठरविताना ती पुन्हा वजा झाल्यास विक्रेता दोनदा नागवला जातो.

म्हणून भिवापूरसारख्या गावांचे जुने करार वाचताना अभ्यासकाने रकमेआधी मुदत व मापाची रीत पाहावी.