शुद्ध बर्फाचा शोध

शहापूर-मुरबाडच्या मुलखांत हिम पडत नाहीं. तेथें आकाशांतून उतरणारा बर्फ म्हणजे वळवाच्या पावसांतील गारा. मुलें अंगणांत धांवतात, गारा वेंचतात आणि तोंडांत टाकतात. मातीवरच्या गारा न उचलतां उघड्यावर ठेवलेल्या स्वच्छ परातींत पडतील तेवढ्याच घ्याव्या, असें जाणतीं माणसें सांगतात. तें योग्यच आहे. कारण थंडपणा म्हणजे शुद्धपणा नव्हे. ही साधी गोष्ट कळावयास मनुष्यास फार काळ लागला.

अकबराचा दरबार लाहोरास असतां उत्तरेकडील पर्वतांतून बर्फ आणीत, अशी नोंद 'ऐन-इ-अकबरी'त आहे. पण तें राजवैभव झालें. आपल्याकडील धनिकांस बर्फ मिळूं लागला तो समुद्रापलीकडून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं 'टस्कनी' जहाजांतून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यांतील सुमारें १०० टन शिल्लक उरला. पुढच्याच वर्षीं मुंबईंत जमशेटजी जिजीभाईंच्या मेजवानींत आईसक्रीम वाढण्यांत आलें, आणि तें खाऊन यजमान व पाहुणे यांना पडसें झाल्याची बातमी वृत्तपत्रांत आली! तरीही बर्फाची गोडी वाढतच गेली व मुंबईच्या कोटांत त्याकरितां खास कोठार उभें राहिलें.

हा बर्फ मॅसॅच्युसेट्सच्या गोठलेल्या तळ्यांतून कापीत आणि लांकडाच्या भुशांत बांधून पाठवीत. कांचेसारखा पारदर्शक तोच निर्मळ, ही त्या काळची परीक्षा. पण १८८० सालीं विषमज्वराचा जंतु ओळखला गेला, आणि गोठल्यानें सर्व जंतु मरत नाहींत हेंही पुढें सिद्ध झालें. बर्फ वितळला कीं ते पुन्हा जागे होतात. तेव्हां यंत्राचा बर्फ आला तरी मूळ प्रश्न तोच राहिला : पाणी कोठलें?

मुंबईपुरतें त्याचें मोठें उत्तर शहापूर तालुक्यांत आहे. १८९२ सालीं तेथील तानसा धरणाचें पाणी मुंबईस पोंचलें; नंतर भातसाही त्याच तालुक्यांत झालें. आज कारखान्याचा व खाण्याचा बर्फ एक समजला जाऊं नये म्हणून, न खाण्याच्या बर्फास निळा रंग देण्याचा नियम महाराष्ट्रांत २०१८ पासून आहे. सरबतवाल्याकडील बर्फ निळसर दिसला तर तो घेऊं नये, आणि पांढरा असला तरी तो कोणत्या पाण्याचा, हें विचारण्यास संकोच करूं नये.

मात्र दुसराही एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. शहरांतील पेल्यांत ज्या तालुक्याचें पाणी बर्फ होऊन खळखळतें, त्याच शहापुरांतील आणि शेजारच्या मुरबाडांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत बायाबापड्या हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. शुद्ध बर्फाची चौकशी पाण्यापर्यंत नेली, तर ती त्या हंड्यांपर्यंतही गेली पाहिजे.