साबणाच्या फेसापूर्वी

आजच्या तरुण ज्ञातिबंधूंस दाढी म्हटली की प्रथम फेस आठवतो. गिऱ्हाईक खुर्चीवर बसले, गळ्याभोवती कापड गुंडाळले, की ब्रश फिरू लागतो. परंतु हा फेस आपल्या धंद्यात मूळचा नव्हे. तो उशिरा आलेला पाहुणा होय. तो येण्यापूर्वी त्याचे काम आपल्या वाडवडिलांचा अंगठा करीत असे, हे नोंदवून ठेवावे एवढ्याचकरिता हा लेखनप्रपंच.

फेस आपल्या देशास अपरिचित होता असे मात्र नाही. रिठ्याला संस्कृतात ‘फेनिल’ असे नावच आहे. वात्स्यायनाने नागरकाची दिनचर्या सांगताना स्नान नित्य, फेनक म्हणजे अंगास लावावयाचा फेसाळ पदार्थ तिसऱ्या दिवशी आणि श्मश्रू चौथ्या दिवशी, असा क्रम लाविला आहे. फेस एका दिवशी आणि वस्तरा दुसऱ्या दिवशी! त्या क्रमात दोहोंची सांगड नाही. आपणां सर्वांस वंदनीय अशा संत सेना महाराजांच्या प्रसिद्ध अभंगातही हेच दिसते. आरसा, चिमटा व पाणी यांना त्यांनी विवेक, वैराग्य व शांती यांची रूपे दिली. साबणाचे तेथे नावही नाही. श्रावण वद्य द्वादशीस आपण तो अभंग दरवर्षी म्हणतो, परंतु ही गोष्ट माझ्या स्वतःच्याही ध्यानात फार उशिरा आली.

माझे आजोबा फुलंब्रीकडील एका खेड्यात बलुत्यावर काम करीत. आमच्या भागात त्यांस वारीक म्हणत. त्यांच्या धोकटीत दोन वस्तरे, पथरी, कातर, चिमटा, नराणी, आरसा आणि एक पितळी वाटी एवढेच असे. लिंबाच्या झाडाखाली गिऱ्हाइकास समोर बसवून ते वाटीत बोटे बुडवीत आणि अंगठ्याने दाढी चोळू लागत. चोळणे चालू असता पाऊसपाणी, सोयरिकी, बांधावरचे तंटे असे सर्व विषय होऊन जात. लोकांस वाटे, म्हातारा गप्पिष्ट आहे. वास्तविक त्या गप्पा म्हणजे त्यांचे घड्याळच होते.

याचे कारण असे. कोरडा केस चिवट असतो. पाणी शोषले की तो फुगतो व मऊ पडतो. यास दोनतीन मिनिटे तरी लागतात, ऊन पाणी असल्यास थोडी कमी. परंतु कातडीवरील तेलकटपणा पाण्यास अडवितो, आणि नुसते पाणी गालावरून ओघळून वा वाळून जाते. म्हणून पुन्हा पुन्हा बोटे बुडवावी लागत. साबणाच्या फेसाने ही मेहनत वाचविली. तो तेलकटपणा काढतो, पाण्यास केसापाशी धरून ठेवतो, आणि वस्तरा घसरता राहावा असा थर देतो. बुडबुड्यातील हवेला काही गुण नाही; गुण आहे तो बुडबुड्याच्या भिंतीतील पाण्याला. म्हणूनच मोठ्या बुडबुड्यांचा, डोंगरासारखा फेस दिसावयास छान पण कामास हलका. दाट व ओलसर फेसच खरा. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल अधिक घालतात व पोटॅश वापरतात, तेही फेस लवकर मरू नये म्हणूनच.

साबण खेड्यात सहजासहजी शिरला नाही. त्यात जनावराची चरबी असते म्हणून माळकरी मंडळी तो तोंडास लावू देत नसत. अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासूनचा साबण १९१८ च्या सुमारास मुंबईत काढला, त्याचे महत्त्व अशा घरांना विशेष कळावे.

१९४८ साली मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, गुलमंडीच्या बाजूस दोन खुर्च्या मांडल्या. विहिरीचे पाणी जड. त्यात चुना व मॅग्नेशियम यांचे क्षार, त्यामुळे साबण फुटून त्याचा चोथा होई. वडील पावसाचे पाणी मडक्यात साठवीत, उन्हाळ्यात पाणी उकळून निववीत व तळाचा पांढरा गाळ टाकून वरचे घेत. फेसावर त्यांचा भारी अभिमान होता.

एका दिवाळीस आजोबा दुकानी आले. वडिलांनी मोठ्या हौसेने त्यांस खुर्चीवर बसविले, क्षणात तोंडभर फेस केला आणि लगेच वस्तरा उचलला. आजोबांनी त्यांचा हात धरला. “अरे, फेस लावलास, पण दाढी कुठं भिजवलीस?” दुकानात चार गिऱ्हाइके होती, ती हसली. वडिलांचा चेहरा उतरला. दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. आजोबांच्या बोलण्यात थोडी सलही असावी, कारण गावातील तरुण पोरे ‘साबणाची दाढी’ हवी म्हणून बाजारगावी जाऊ लागली होती आणि बलुत्याचे धान्य दरसाल कमी होत होते. मी तेव्हा शाळेत जाणारा पोर; मला दोघांचाही राग आला होता. पुढे मात्र वडील आधी ऊन पाण्याने दाढी भिजवीत, अंगठ्याने चोळीत, आणि मग ब्रश घेत. हा क्रम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. आजोबांचे नाव त्यांनी त्यासाठी कधी घेतले नाही, हेही खरे.

आता डब्यातून तयार फेस येतो. बोटाने कळ दाबली की झाले. त्यात वायू आयता भरलेला असतो. केसाला मुरण्यास लागणारा वेळ मात्र आयता मिळत नाही. माझा पुतण्या दुकान चालवितो, तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर प्रथम ऊन ओला पंचा ठेवतो. आजोबांची पितळी वाटी त्याच्याकडेच आहे. तीत तो तुरटी ठेवतो.