ज्ञानकोश: एकाचा, अनेकांचा आणि सर्वांचा

विद्यार्थ्याने प्रकल्पवहीत लिहिलेली माहिती कोठून घेतली असे विचारले, तर आज बहुधा ‘विकिपीडियावरून’ असे उत्तर मिळते. हे उत्तर ग्राह्य धरावे काय? त्यासाठी आपण प्रथम मराठीतील ज्ञानकोशांचा इतिहास पाहू.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९१६ च्या सुमारास महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. त्यासाठी मर्यादित कंपनी काढून भांडवल उभे केले. या कोशाचे २३ खंड प्रसिद्ध झाले. त्यातील प्रतिपादनाची जबाबदारी उघडपणे केतकरांची होती; मतभेद असणाऱ्याला कोणाशी वाद घालायचा हे ठाऊक होते.

पुढे १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली मंडळ स्थापन होऊन वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले. येथे निरनिराळ्या विषयांचे जाणकार लिहू लागले. नोंदीच्या शेवटी लेखकाचे नाव असते, अनेक ठिकाणी संदर्भग्रंथही दिलेले असतात. पहिला खंड १९७६ साली निघाला, तर विसावा २०१५ साली. इतक्या काळात विज्ञान थांबून राहत नाही. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटोचे ग्रहपद गेले. त्यापूर्वी छापलेल्या प्लूटोविषयीच्या नोंदीत तो नववा ग्रहच राहणार.

विकिपीडियाने ही अडचण दूर केली. जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी आधी नूपीडिया नावाचा तज्ज्ञांनी तपासलेला कोश सुरू केला होता. त्यातील तपासणी इतकी लांबली की लेख फारच थोडे पूर्ण झाले. म्हणून १५ जानेवारी २००१ रोजी कोणालाही लिहिता येईल असा विकिपीडिया सुरू झाला. मराठी आवृत्ती १ मे २००३ पासूनची आहे.

मग त्यावर विश्वास किती ठेवावा? २००५ साली ‘नेचर’ नियतकालिकाने विज्ञानविषयक ४२ नोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. एका नोंदीत सरासरी विकिपीडियात सुमारे चार आणि ब्रिटानिकात सुमारे तीन चुका आढळल्या. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवर हरकत घेतली. त्याच वर्षी उलट बाजूही दिसली. जॉन सिगेनथॅलर या अमेरिकन पत्रकाराचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडणारा खोटा मजकूर चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. कोणीही दुरुस्त करू शकतो, याचा अर्थ कोणीतरी दुरुस्त केलेच आहे असा होत नाही. जेथे तपासणारे थोडे, तेथे चूक अधिक काळ टिकण्याचा संभव. मराठीत ही काळजी अधिक घ्यावी लागते.

कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोलीचे उदाहरण घेऊ. कोडोलीजवळच्या वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांना संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, म्हणजे विकिपीडियाच्याही आधी. आज तेथील विद्यार्थ्याला आपल्या गावाची माहिती मोबाईलवर शोधता येते. पण साताऱ्याजवळही एक कोडोली आहे. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीच्या नोंदीत साताऱ्याच्या कोडोलीची लोकसंख्या आली, तर मुंबईत बसलेल्या वाचकाला ते कळणार कसे? ही चूक ओळखू शकेल तो कोडोलीचाच शिक्षक किंवा विद्यार्थी.

तथापि ‘मला ठाऊक आहे’ एवढ्यावर तेथे भागत नाही. प्रकाशित आधार द्यावा लागतो. गावाच्या बाबतीत २०११ ची जनगणना, १८८६ चे कोल्हापूरचे गॅझेटियर आणि त्यानंतरची सुधारित आवृत्ती असे आधार उपलब्ध आहेत. जे कोठेच प्रकाशित झालेले नाही, ते गावकऱ्यांना कितीही पाठ असले तरी कोशाबाहेरच राहते.

म्हणून वर्गात आपल्या गावाची किंवा तालुक्याची एक नोंद घ्यावी आणि विद्यार्थ्यांना तीन गोष्टी पाहायला सांगाव्यात. प्रत्येक विधानाला तळाशी संदर्भ दिला आहे काय? तो संदर्भ उघडून पाहिल्यास तेच सांगतो काय? आणि ‘इतिहास’ या दुव्यावर कोणते बदल केव्हा झालेले दिसतात? वहीत मग नुसते ‘विकिपीडिया’ न लिहिता पडताळलेल्या मूळ संदर्भाचे नाव लिहावे. केतकरांच्या किंवा विश्वकोशाच्या नोंदीलाही हीच कसोटी लावण्यास हरकत नाही.