मूठ आणि तिच्यावरची पट्टी

मराठीत ‘मूठ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. हाताची बोटे मिटली की मूठ होते आणि तलवारीचा जो भाग त्या बोटांत बसतो तीही मूठच. या दोन मुठींच्या मध्ये जो दीड-दोन मिलिमीटर जाडीचा थर असतो, त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. टेनिसच्या रॅकेटच्या निमित्ताने आम्ही तो येथे मांडत आहोत. घर्षण, घाम, बहुवारिके आणि शरीररचना असे चार धडे त्या पट्टीत एकत्र गुंडाळलेले आहेत.

उघडे लाकूड, मग कातडे

टेनिसचा पूर्वज असलेल्या फ्रेंच खेळाचे नाव ‘ज्य द पोम’, म्हणजे तळहाताचा खेळ. प्रथम उघड्या हाताने, मग हातमोजा घालून आणि सोळाव्या शतकापर्यंत रॅकेटने, अशी त्याची वाटचाल झाली. 1874 साली इंग्लंडमध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड यांनी हिरवळीवरच्या टेनिसचे पेटंट घेतले आणि 1877 मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली. त्या काळच्या रॅकेटची मूठ म्हणजे निव्वळ लाकूड होते. हात निसटू नये म्हणून त्यावर बारीक खाचा पाडत. काही रॅकेटच्या मुठीचे टोक माशाच्या शेपटीसारखे पसरट करीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुठीवर कातड्याची पट्टी आली आणि पुढे अनेक दशके टिकली. कातडे थोडा घाम शोषते आणि त्याखालच्या अष्टकोनी मुठीच्या कडा बोटांना स्पष्ट जाणवू देते. रॅकेटचे तोंड कोणत्या दिशेला वळले आहे हे खेळाडूला न पाहता कळते ते या कडांमुळेच. पण वारंवार भिजून वाळलेले कातडे कडक व गुळगुळीत होते.

घामाचे दुटप्पी वागणे

घर्षणबल दाबाच्या प्रमाणात वाढते आणि संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हा 1699 साली आमाँताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने मांडलेला नियम आपण वर्गात शिकवतो. मऊ त्वचा मात्र तो नीट पाळत नाही. अगदी कोरडी त्वचा टणक असते आणि पृष्ठभागाला मोजक्याच ठिकाणी टेकते. किंचित ओलाव्याने ती मऊ होते, प्रत्यक्ष संपर्काचे क्षेत्र वाढते आणि पकड सुधारते. कुऱ्हाड उचलण्यापूर्वी तळहाताला थुंकी लावणारा लाकूडतोड्या हेच करतो. ओलावा आणखी वाढला की मध्ये पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि पकड सुटते. शिवाय तळहाताला घाम केवळ उकाड्याने नव्हे, तर मनावरच्या ताणानेही येतो. म्हणजे निर्णायक गुणाच्या वेळीच मूठ निसरडी होण्याचा संभव असतो. 1980 च्या दशकात इव्हान लेंडल खिशात लाकडाचा भुसा बाळगत असे तो यासाठीच. भुशातील सेल्युलोज पाणी चटकन शोषून घेते.

पट्टीवर पट्टी

1937 साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेनचा शोध लावला. पुढे याच बहुवारिकापासून मऊ, किंचित चिकट पट्ट्या तयार होऊ लागल्या. 1970 च्या दशकापासून मूळ ग्रिपवर गुंडाळायची पातळ ‘ओव्हरग्रिप’ रूढ होत गेली. मूळ ग्रिप दीड ते दोन मिलिमीटर जाड असते, तर ओव्हरग्रिप साधारण अर्धा मिलिमीटर. मळली की काढून टाकायची, हा तिचा धर्म.

येथे विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. मुठीवर t जाडीचा थर चढवला, तर तिचा परीघ किती वाढेल? मूठ गोल मानली तर उत्तर 2πt, मग मूळ मूठ बारीक असो वा जाड. अर्ध्या मिलिमीटरला सुमारे 3 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 1/8 इंच. मुठीच्या मापांत एका नंबरचे अंतर एवढेच असते! प्रत्यक्षात पट्टी ताणून गुंडाळल्याने पातळ होते, म्हणून एका ओव्हरग्रिपला अर्धा नंबर धरण्याची पद्धत आहे.

माप चुकले तर हात दुखतो?

‘लॉन टेनिस आर्म’ या दुखण्याचा उल्लेख 1882 मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये आढळतो. पुढे अमेरिकन शल्यचिकित्सक रॉबर्ट निर्शल यांनी तळहाताच्या रेघेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतच्या अंतरावरून मुठीचे माप ठरवण्याची रीत सांगितली. चुकीच्या मापाने कोपर दुखावते, ही समजूत सर्वत्र पसरली. 2006 मध्ये हॅच आणि सहकाऱ्यांनी ती तपासली. 16 निरोगी महाविद्यालयीन खेळाडूंना निर्शल यांच्या मापाची, पाव इंच लहान आणि पाव इंच मोठी अशा तीन मुठींनी बॅकहँड मारायला लावून त्यांच्या हाताच्या स्नायूंची विद्युत्-क्रिया मोजली. लक्षणीय फरक आढळला नाही.

यावरून कोणतीही मूठ चालेल असा निष्कर्ष काढू नये. तपासले गेले ते माप, निसरडेपणा नव्हे. मूठ निसटू लागली की आपण ती अधिक आवळतो आणि आवळलेल्या हातात रॅकेटची कंपने अधिक पोहोचतात. मुलांच्या हाती रॅकेट देताना म्हणूनच नंबराइतकेच पट्टीच्या स्थितीकडे पाहावे.

शाळेच्या कपाटातील रॅकेट

पट्टी चकाकू लागली, काळवंडली किंवा कडक झाली, की तिची छिद्रे क्षार, तेल आणि मृत त्वचेने भरली असे समजावे. ओव्हरग्रिप बदलताना निमुळते टोक मुठीच्या बुडाशी लावावे, हलका ताण देत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत वर जावे आणि शेवट चिकटपट्टीने बांधावा. कपाटात वर्षानुवर्षे पडून असलेली पट्टीही कधीकधी चिकट होऊन तिचे तुकडे पडतात. दमट हवेतील पाण्यामुळे काही प्रकारच्या पॉलियुरेथेनच्या रेणुसाखळ्या तुटतात. न वापरलेल्या बुटांचे तळ पावसाळ्यात भुगा होतात, त्याचे कारणही बहुधा हेच असते.

वर्गात प्रयोग करायचा तर काचेचा पेला पुरेसा आहे. कोरड्या, किंचित दमट आणि पूर्ण ओल्या बोटांनी तो धरून पाहावा आणि कोणती पकड चांगली हे विद्यार्थ्यांनी आधी वहीत लिहावे. पाठ्यपुस्तकातला नियम आणि आपली बोटे यांचे उत्तर जुळत नाही, हे त्यांना स्वतःच कळू द्यावे.