गोळ्यांची पिशवी आणि बारकोड



भाड्याची गाडी परत करायला गेलं की तिथला माणूस हातातलं यंत्र गाडीच्या काचेवरच्या पट्टीवर धरतो, टुक् असा आवाज होतो आणि पावती बाहेर. आपण सगळ्यांनी हे शंभरदा पाहिलंय. 1992 साली सू किनिक नावाच्या नर्सनेही ते पाहिलं. कॅन्ससमधल्या टोपिका इथे निवृत्त सैनिकांच्या सरकारी हॉस्पिटलात, म्हणजे इकडे ज्याला व्हीए म्हणतात तिथे, त्या काम करायच्या. गाडीसाठी एवढं होतं तर गोळी देताना का नाही, असा त्यांचा साधा सवाल. रोग्याच्या मनगटावरच्या पट्टीवर एक बारकोड, गोळीच्या पाकिटावर दुसरा. दोन्ही वाचले की संगणक सांगणार, माणूस हाच ना, गोळी हीच ना, वेळ झाली ना. टोपिकाच्या लोकांनी हे चालवून दाखवलं आणि 1999-2000 च्या सुमारास ते व्हीएच्या देशभरच्या हॉस्पिटलांत गेलं. बड्या खाजगी हॉस्पिटलांत तेव्हा हे क्वचितच दिसायचं. पाकिटावर बारकोड छापलाच पाहिजे हा एफडीएचा नियम यायला 2004 उजाडलं. सरकारी म्हटलं की नाक मुरडणारे आपल्यात बरेच आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण बारकोड तपासतो तो फक्त शेवटचा टप्पा. ऑर्डरच चुकीची असेल तर चुकीचा डोस अगदी बरोबर माणसाला, बरोबर वेळेला पोचणार! बेट्सी लेहमन या बॉस्टन ग्लोबमध्ये आरोग्याचं सदर लिहायच्या. वय 39, स्तनाचा कर्करोग. डेना-फार्बर या नामांकित संस्थेत त्यांच्यावर उपचार चालू होते. चार दिवसांत मिळून द्यायचा सायक्लोफॉस्फमाइडचा पूर्ण डोस त्यांना रोज दिला गेला, असा सलग चार दिवस. डिसेंबर 1994 मध्ये त्या गेल्या. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, सगळ्यांच्या हातांखालून ती ऑर्डर गेली होती. चूक कळली फेब्रुवारी 1995 मध्ये, आणि तीसुद्धा संशोधनाचे आकडे नोंदवणाऱ्या कर्मचाऱ्याला, जुने कागद तपासताना. या गोष्टीतला हा भाग मला सर्वांत अस्वस्थ करतो.

त्याच शहरात, ब्रिगॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात, डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी 1998 साली दाखवलं की डॉक्टरांनी ऑर्डर संगणकावर लिहिल्या तर वेळेत न पकडल्या जाणाऱ्या गंभीर चुका 55 टक्क्यांनी कमी होतात. खरं तर 1976 मध्येच इंडियानापोलिसच्या क्लेम मॅकडॉनल्ड यांनी डॉक्टरांना संगणकाकडून आठवणी देऊन पाहिल्या होत्या. आठवण मिळाली तर 51 टक्के वेळा डॉक्टर योग्य ते करत, नाहीतर 22. त्यांचं म्हणणं होतं की डॉक्टर अडाणी नाहीत, एका डोक्यात मावेल त्यापेक्षा माहिती जास्त आहे, इतकंच.

मी स्वतः वीस वर्षं हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, त्यामुळे यंत्राचं कौतुक मला आहेच. पण माणसं यंत्रालाही पुरून उरतात, बरं का. पेनसिल्व्हेनियाच्या रॉस कॉपेल यांनी 2005 मध्ये एका ऑर्डर-प्रणालीमुळेच संभवणाऱ्या 22 प्रकारच्या चुका मोजल्या. 2008 मध्ये त्यांनी बारकोडला बगल देण्याच्या 15 युक्त्या नोंदवल्या. कुणी रोग्यांच्या पट्ट्यांच्या जादा प्रती दाराच्या चौकटीला चिकटवलेल्या, कुणी कमरेच्या कडीत अडकवलेल्या. पट्टी चुरगळलेली, बॅटरी उतरलेली आणि नर्सच्या वाट्याला रोगी मात्र भरपूर. दुसरं काय होणार? इशाऱ्यांचंही तेच. औषधांच्या धोक्याचे निम्मे ते जवळजवळ सगळे इशारे डॉक्टर बाजूला सारतात, असं 2006 च्या एका आढाव्यात आलं होतं.

म्हणून यंत्राच्या जोडीला दुसरी, जुनीच गोष्ट लागते. कुणीतरी बसून सगळी यादी वाचायची. वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी मार्क बीअर्स यांनी 1991 मध्ये केली, ती आजही सुधारून वापरतात. 1990 च्या कायद्याने मेडिकेडच्या रोग्यांसाठी औषध देण्याआधी सगळी यादी तपासणं आणि समजावून सांगायची तयारी दाखवणं बंधनकारक केलं, 1993 पासून. बहुतेक राज्यांनी ते इतर गिऱ्हाइकांनाही लावलं. काउंटरवर "फार्मासिस्टला काही विचारायचंय का?" असं विचारतात, आपण न वाचता "नाही" म्हणतो, त्याचं मूळ हे. 2006 पासून मेडिकेअरच्या औषध-विम्यात बऱ्याच गोळ्या घेणाऱ्यांसाठी अशा तपासणीची सोय झाली.

आता आपली गोची. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना मेडिकेअर नाही, आणि त्यांच्या गोळ्यांची नावं इकडच्या संगणकाला सहसा माहीत नसतात. इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ज्याला इकडे ॲसिटअमिनोफेन म्हणतात आणि टायलेनॉल म्हणून विकतात. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, दोन्ही. इकडच्या डॉक्टरने रक्त पातळ करायची गोळी दिली आणि यादीत इकोस्प्रिन नसेल, तर जगातलं उत्तम सॉफ्टवेअरही गप्प बसणार.

इकडे यावर जुना उपाय आहे, घरातलं सगळं औषध एका खाकी पिशवीत भरून फार्मासिस्टसमोर ओतायचं. मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आल्या तेव्हा आम्ही तेच केलं, फक्त पिशवी तुळशीबागेतली होती. आधी घरी बसून प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षर वाचून मूळ औषधाचं नाव, मात्रा आणि वेळ इंग्रजीत लिहून काढली, दुकानातून आणलेलं मलम आणि सर्दीची गोळीसुद्धा. तीन वेगळ्या नावांनी पॅरासिटामॉल निघालं. सासूबाईंना ते पटेना. "अहो, एक तापाची, एक डोक्याची आणि एक अंगदुखीची आहे," असं त्या त्या मुलीला मराठीतच समजावत होत्या. ती शांतपणे एकेक पाकीट बाजूला ठेवत होती.